हॉटेलची सुरक्षा : पाहणी मागच्या जिन्यापासून सुरू करा

हॉटेलात सुरक्षेच्या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. चोर आत शिरू नये म्हणून दारं बंद ठेवावी लागतात आणि आग लागली तर माणसं सुटावीत म्हणून तीच दारं उघडी लागतात. बहुतेक ठिकाणी पहिली गरज जिंकते. चादरी-टॉवेल दर सीझनला जातात, बिल न भरता मागच्या जिन्याने पसार होणारं गिऱ्हाईकही अधूनमधून भेटतं. आग मात्र मालकाने वीस वर्षांत पाहिलेली नसते. मग मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप लागतं. त्याची किल्ली काउंटरच्या खणात, खणाची किल्ली मॅनेजरच्या खिशात आणि मॅनेजर रात्री अकराला घरी.

म्हणून हॉटेल नव्याने चालवायला घेतलेल्या माणसाने आणि कुटुंब घेऊन मुक्कामाला आलेल्या पाहुण्यानेही पाहणी याच दारापासून सुरू करावी. पुढची माहिती शिर्डी, पंढरपूर, महाबळेश्वर, अलिबाग, मालवण अशा ठिकाणची वीस-चाळीस खोल्यांची, तीन-चार मजली हॉटेलं आणि लॉज डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा मुक्काम अशाच ठिकाणी असतो.

धूर आधी पोचतो

२१ नोव्हेंबर १९८० रोजी लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती खालच्या कॅसिनोच्या मजल्यावर. ८५ माणसं गेली आणि त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवरची होती. जिने आणि लिफ्टच्या पोकळीतून वर चढलेल्या धुराने ती गुदमरली. १२ फेब्रुवारी २०१९ ला पहाटे दिल्लीच्या करोल बागेतल्या एका हॉटेलात १७ जण गेले. १२ सप्टेंबर २०२२ ला सिकंदराबादेत खाली ई-स्कूटरचं दुकान आणि वर लॉज अशा इमारतीत आग लागली, ८ जण गेले. तिन्ही ठिकाणच्या इमारती अगदी वेगळ्या, पण माणसं अडकण्याची तऱ्हा सारखी: आग खाली, धूर जिन्यात, माणसं वर.

जिना हे इमारतीचं धुराडंच असतं. गरम धूर वर धावतो, सर्वांत वरच्या मजल्यावर साचतो आणि तिथून खाली भरत येतो. गच्चीचं दार बंद असेल तर तो आणखी लवकर भरतो. लाकडी पॅनेल, फोमच्या गाद्या, फॉल्स सीलिंगमागची वायर यांचा धूर दोन-चार श्वासांत माणसाला गरगरवतो. पाहुण्याला आणि मालकाला पुढे जे काही सांगितलं आहे, त्यातलं निम्मं या एका गोष्टीतून निघतं.

पाहुण्यासाठी : बुकिंग आणि काउंटर

इंटरनेटवर हॉटेलच्या नावापुढे दिसणारा मोबाइल नंबर हॉटेलचाच असेल असं धरून चालू नका. आगाऊ पैसे मागणारे खोटे नंबर आणि हुबेहूब नकली वेबसाइट तीर्थक्षेत्रांच्या बाबतीत फार आढळतात. यूपीआयने पैसे पाठवताना समोर येणारं खातेधारकाचं नाव वाचा. हॉटेलच्या जागी भलत्याच व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. फसवणूक झालीच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिल्या तास-दोन तासांत पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

ओळखपत्र दाखवावंच लागतं, पण आधारच दिलं पाहिजे असं नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार द्यायचं असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या. झेरॉक्सवर हॉटेलचं नाव, तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं आडवं लिहून सही करा, म्हणजे तीच प्रत सिमकार्ड काढायला वापरणं अवघड जातं.

काउंटरवरच्या मुलाने खोलीचा नंबर लॉबीभर ऐकू जाईल असा पुकारला, तर विशेषतः एकट्या बाईने शांतपणे दुसरी खोली मागावी. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. खोली मागताना दुसरा किंवा तिसरा मजला मागा. तळमजल्याच्या खिडकीतून आत येणं सोपं असतं, आणि फार वर गेलात तर तालुक्याच्या गावच्या अग्निशमन दलाची शिडी तिथवर पोचेलच असं नाही.

खोलीत बॅग टेकवण्याआधी

पॅसेजमध्ये उभे राहा आणि तुमच्या दारापासून जिन्यापर्यंत मधे किती दारं लागतात ते मोजा. डाव्या हाताला चार दारं आणि मग जिना, असं पाठ करून ठेवा. धुरात दिवे दिसत नाहीत, पाट्या दिसत नाहीत. भिंतीवर हात घासत दारं मोजता येतात. मग दुसरा जिना शोधा आणि त्या जिन्याने शेवटपर्यंत खाली उतरून बघा. ‘एक्झिट’ची हिरवी पाटी आहे म्हणून वाट आहे असं होत नाही. वाटेत गाद्यांची थप्पी, मोडकी खुर्ची, पाण्याचे जार आणि शेवटी कुलूप लागतं का, ते तुमच्या डोळ्यांनी बघा. कुलूप दिसलं तर काउंटरवर जाऊन विचारा: ‘रात्री दोन वाजता हे कोण उघडतं?’ ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं नाव तिथल्या तिथे सांगता आलं नाही, तर हॉटेल बदलण्याइतकं कारण मिळालं.

खोलीच्या दाराला आतून कडी किंवा बोल्ट हवाच. कार्डाने उघडणाऱ्या दारालाही हवा, कारण तसं दुसरं कार्ड काउंटरवर अर्ध्या मिनिटात बनतं. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ते ओढून बघा. खिडकीला ग्रिल असेल तर त्यातला एखादा भाग आतून उघडतो का, हेही बघा. सगळी ग्रिल भिंतीत पक्की बसवलेली असेल तर ती खिडकी हवेपुरतीच आहे, सुटकेची नाही. अशा खोलीत दाराकडची वाट आणखी महत्त्वाची.

आता बाथरूम. इथे नीट लक्ष द्या, कारण थंड हवेच्या ठिकाणी जीव जाण्याचं एक मोठं कारण इथे असतं: गॅस गीझर. बंद बाथरूममध्ये गॅस जळत राहिला की आतला प्राणवायू कमी होतो, जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं आणि हातापायांतलं बळ जातं, त्यामुळे माणसाला कळलं तरी कडी काढता येत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असायला हवा. आतच बसवलेला असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, बाथरूम काही मिनिटं तसंच उघडं राहू द्या आणि मग आंघोळीला जा. मुलांच्या आंघोळी पाठोपाठ उरकायच्या म्हणून गीझर चालू ठेवून दार लावू नका. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट न बघता दार तोडा, त्याला ओढून उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. आत जाताना श्वास रोखा, आत थांबू नका.

हाच वायू कोळशाच्या शेगडीतूनही येतो. तंबूत किंवा बंद खोलीत ऊब मिळावी म्हणून रात्री शेगडी ठेवून झोपणं म्हणजे थेट मृत्यूला बोलावणं. राखेखालचे निखारे विझल्यासारखे दिसतात तेव्हाही तो येत असतो.

छुपा कॅमेरा शोधायला पाच मिनिटं पुरतात. पलंग आणि बाथरूम यांच्याकडे तोंड करून काय काय आहे ते बघा: धूरसूचक, घड्याळ, चार्जरचा ठोकळा, सेट-टॉप बॉक्स, एक्झॉस्ट फॅनची जाळी. दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च तिरका फिरवला की भिंग टाचणीच्या डोक्याएवढं चमकतं. अंधारात पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर इन्फ्रारेड दिवे पुष्कळदा जांभळट ठिपक्यासारखे दिसतात. सापडला तर काढू नका. फोटो घ्या, वर कपडा टाका, सामानासकट खोलीबाहेर या आणि ११२ ला फोन करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली स्त्रीचं असं चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे, आणि कॅमेरा जागेवर असणं हा पुरावा आहे.

झोपताना मोबाइल, खोलीची किल्ली, चष्मा आणि चपला उशाशी, एकाच जागी ठेवा. रात्री दारावर टकटक झाली आणि ‘सर्व्हिस’ असा आवाज आला तर कडी काढण्याआधी काउंटरला फोन करून विचारा, कुणाला पाठवलंय का. काउंटरवरून बोलतोय असं सांगून कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्या आणि सकाळी खाली जाऊन बोला.

रात्री धूर आला तर

दाराला हाताची मागची बाजू लावा. दार गरम असेल तर उघडू नका. गार असेल तर खांदा दाराला टेकवून थोडं किलकिलं करा. पॅसेज मोकळा असेल तर किल्ली घ्या, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून बंद करा आणि वाकून जिन्याकडे चला. किल्ली याचसाठी की पुढे वाट बंद निघाली तर खोलीत परतता यावं. लिफ्ट नको. उतरताना खालून दाट धूर वर येताना दिसला तर त्यात शिरू नका, परत फिरा. गच्चीचं दार उघडं असल्याची खात्री नसेल तर वरही जाऊ नका. धूर तिथेच साचतो.

पॅसेजच धुराने भरलेला असेल तर खोलीत थांबणं हाच मार्ग. घट्ट लावलेलं दार बराच वेळ टिकाव धरतं. एसी आणि एक्झॉस्ट बंद करा. टॉवेल, चादरी भिजवून दाराखालच्या फटीत ठासा. बाहेरची हवा स्वच्छ असेल तर खिडकी थोडी उघडा. धूर आत येऊ लागला तर लावून घ्या. काच फोडली की ती परत लावता येत नाही, म्हणून ते शेवटी. १०१ किंवा ११२ ला हॉटेलचं नाव, जवळची खूण, मजला, खोलीचा नंबर आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे की मागे, एवढं सांगा. खिडकीतून पांढरी चादर किंवा मोबाइलचा टॉर्च हलवत राहा. ओल्या रुमालाने काजळी थोडी अडते, विषारी वायू अडत नाही. रुमाल तोंडाला लावून धुरात धावण्याचं धाडस करू नका.

मालकासाठी : कुलूप काढून काय लावायचं

मागच्या दाराची अडचण खरी आहे, नुसतं ‘उघडं ठेवा’ म्हणून भागत नाही. उपाय पॅनिक बार. दाराला आतून आडवा दांडा असतो, तो अंगाने ढकलला की दार बाहेर उघडतं. बाहेरून मात्र किल्लीशिवाय उघडत नाही. जोडीला चौकटीवर चुंबकी सेन्सर आणि बॅटरीवरचा सायरन बसवा, म्हणजे बिल बुडवून जाणाऱ्याने दार उघडताच काउंटरला कळेल. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आत उघडणाऱ्या दाराला गर्दी टेकली की ते ओढता येत नाही. गच्चीच्या दारालाही हाच नियम.

जिन्याची दारं आपोआप बंद होणारी हवीत. सामान नेताना त्रास होतो म्हणून रूमबॉय त्यांना वीट लावतात, बऱ्याचदा लाल सिलिंडरच अडकवून ठेवतात. त्या एका सिलिंडराने दोन गोष्टी बिघडतात: दार उघडं राहून जिन्यात धूर शिरतो, आणि आग विझवायचं साधन हुकावर सापडत नाही.

जिन्यातल्या गाद्या ही सीझनची समस्या. दिवाळी आणि मेच्या सुट्टीत एक्स्ट्रा बेड लागतात, ते ठेवायला जागा नसते आणि जिन्याखालचा कोपरा मोकळा दिसतो. फोमची एक गादी पेटली तरी सगळा जिना निकामी होतो. स्टोअरसाठी एक खोली कमी विका. जिन्याखाली जनरेटरचं डिझेल, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर यातलं काहीही नको. लिथियमची बॅटरी पेटली की विझली असं वाटून पुन्हा पेटते; चार्जिंगची जागा इमारतीपासून दूर, उघड्यावर द्या.

वीज, गॅस, लाल सिलिंडर

एसी आणि गीझर एकदम लागले की एमसीबी (वायरीवर जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडते, पाहुणा ओरडतो, आणि वायरमन १६ अँपिअरची काढून ३२ ची बसवतो. तक्रार थांबते, पण भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर तीच राहते. आता एमसीबी न पडता वायर तापते, आवरण मऊ होतं आणि महिन्यांनी एका रात्री फॉल्स सीलिंगमागे ठिणगी पडते. एमसीबी पडणं म्हणजे ती तिचं काम करते आहे. एसीला वेगळी, जाड वायर ओढा. बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) हवी आणि तिचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर वीज गेली नाही तर ती बदला.

स्वयंपाकघरातले १९ किलोचे सिलिंडर इमारतीबाहेर, जाळीच्या हवेशीर पिंजऱ्यात ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो आणि तळघरात किंवा गटारात उतरतो. म्हणून गळती ओळखणारा डिटेक्टर जमिनीपासून साधारण एक फुटावर लावतात. छताजवळ लावलेला डिटेक्टर उशिरा बोलतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि कुठलंही बटण चालू किंवा बंद करायचं नाही, एक्झॉस्ट फॅनचंसुद्धा.

खोल्यांच्या पॅसेजला आग विझवायचे एबीसी पावडरचे (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा तिन्ही आगींवर चालणारे) लाल सिलिंडर असे लावा की कुठूनही पंधरा मीटरच्या आत एक हाताशी येईल. मीटर रूमजवळ सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी कधीच नाही: गॅस बंद, वर धातूचं झाकण, आणि व्यावसायिक स्वयंपाकघरात तेलाच्या आगीसाठीचा वेट केमिकल सिलिंडर. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून तो पहिल्यांदा हातात घेण्याचा प्रसंग खऱ्या आगीत येऊ नये. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा, पाठ बाहेरच्या दाराकडे ठेवा. रिफिलला पाठवायच्या आधीचे जुने सिलिंडर मैदानात सगळ्या स्टाफकडून रिकामे करून घ्या, रूमबॉय आणि वॉचमनसकट. दर महिन्याला काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना आणि पिन गंजून बसलेली नाही ना, हे बघा. कोकणातल्या खाऱ्या हवेत पिन फार लवकर धरते.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं; त्याला फॉर्म बी म्हणतात. एजन्सीचा माणूस आला की त्याच्याबरोबर स्वतः फिरा. पंप चालू करून होजमधून पाणी पाडायला सांगा. सही केलेला कागद मिळाला आणि टाकी रिकामी, असं होऊ देऊ नका.

किल्ल्या, रजिस्टर, कॅमेरे

मास्टर किल्ली कुणी, किती वाजता घेतली आणि कधी परत केली याची वही ठेवा आणि सही घ्या. किल्लीच्या बिल्ल्यावर हॉटेलचं नाव आणि खोलीचा नंबर दोन्ही कोरू नका. ‘किल्ली आत राहिली, दार उघडून दे’ म्हणणाऱ्याला रूमबॉयने ओळखीवरून दार उघडू नये. काउंटरवर नाव आणि ओळखपत्र ताडून मगच. पाहुणा कुठल्या खोलीत आहे हे फोनवर किंवा समोर कुणालाही सांगायचं नाही. खोलीला फोन जोडून द्यायचा, बोलायचं की नाही ते पाहुणा ठरवेल. नवीन माणूस कामावर घेताना पोलिसांची चारित्र्य पडताळणी करून घ्या, सीझनपुरता घेतलेला असला तरी. विदेशी पाहुण्याची माहिती आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. यात फक्त गोरे पाहुणे धरू नका, परदेशी पासपोर्टवर आलेला मराठी माणूसही त्यात येतो.

कॅमेरे प्रवेश, काउंटर, पॅसेज, जिना, लिफ्ट आणि पार्किंगला. खोलीत, बाथरूममध्ये, कपडे बदलायच्या जागी नाहीत. सगळ्यांत जास्त आढळणारा दोष म्हणजे डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ चुकलेलं असणं. वेळ चाळीस मिनिटं मागे असेल तर चोरीच्या तपासात पहिला दिवस त्यातच जातो. दर सोमवारी मोबाइलशी वेळ जुळवा आणि मागची एक फीत चालवून रेकॉर्डिंग खरंच होतंय ना ते पाहा.

स्विमिंग पूल असेल तर पाणी किती खोल आहे त्याचे आकडे काठावर फूट आणि मीटर दोन्हींत मोठे लिहा, कुंपणाचं फाटक आपोआप लागणारं बसवा आणि अंधार पडल्यावर बंद करा. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. आईबाप दोन हातांवर असतात आणि कळत नाही.

रात्रपाळी

सगळ्या तयारीची परीक्षा रात्री होते, जेव्हा हॉटेलात काउंटरवर एक आणि फाटकावर एक इतकीच माणसं असतात. रोज रात्री दहा वाजता मुक्कामी असलेल्यांची यादी छापून काउंटरवर आणि वॉचमनच्या केबिनमध्ये, दोन्हीकडे ठेवा: खोली, किती माणसं, लहान मूल, चालता न येणारं वयस्क. आग लागल्यावर संगणक उघडता येत नाही आणि अग्निशमन दलाचा पहिला प्रश्न ‘आत किती?’ हाच असतो. यादीत चालता न येणाऱ्यांची खोली शक्यतो पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ पडेल असं खोल्या देतानाच बघा.

सराव वर्षातून दोनदा, त्यातला एक रात्रपाळीच्याच माणसांबरोबर. काम वाटून द्या: काउंटरवरचा अलार्म वाजवतो, १०१ ला फोन करतो, मेन स्विच पाडतो आणि यादी घेऊन बाहेर येतो, वॉचमन फाटक सताड उघडतो, बंबाच्या वाटेतल्या गाड्या हलवतो आणि रस्त्यावर उभा राहून बंबाला वाट दाखवतो. घड्याळ लावा. शेवटचं माणूस ठरलेल्या जागी पोचायला किती मिनिटं लागली ते वहीत तारखेसह लिहा आणि पुढच्या सरावात त्याच्याशी ताडा.

चोरीची तक्रार आली तर पाहुण्याच्या खोलीत एकट्याने जाऊ नका आणि रूमबॉयच्या बॅगा स्वतः उलट्यापालट्या करू नका. खोली साफ करायची थांबवा, कार्डाचं कुलूप असेल तर त्याची नोंद काढून घ्या, त्या मजल्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर उतरवा कारण डीव्हीआर जुनं पुसून नवं लिहितो, मास्टर किल्लीच्या वहीचं पान फोटोत घ्या आणि पाहुण्याला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जा.